शेवटच्या घराचं पाणी

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकले. भावोजी वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार, आणि त्यांनी हे पत्र गुपचूप तुझ्या शिलाई मशीनवर ठेवावं. तिथे पडलेला कागद तू न वाचता टाकत नाहीस. कुणाची मापं असतील म्हणून वाचतेसच.

पत्ता बाबांनी दिला. तीन वर्षं मी विचारला नाही आणि त्यांनी सांगितला नाही, असं आमचं दोघांचं सुरळीत चाललं होतं. काल विचारलाच, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "भांडायला हवाय की माफी मागायला?" मी म्हटलं, बातमी द्यायला. बातमी असेल तर घे, म्हणाले, आणि कागदावर लिहून दिला. एवढी वर्षं लिफ्ट चालवली, पण निवृत्त झाल्यापासून माणूस वकिलासारखा बोलतो.

तर बातमी. मी पुन्हा शिकायला जायचं म्हणतेय. हसू नकोस. छत्तिसाव्या वर्षी लोक मुलांच्या शाळेचे फॉर्म भरतात, मी माझेच भरतेय. विषय सार्वजनिक आरोग्य, पदवीनंतरचा अभ्यासक्रम. बाबांना असं समजावलं की डॉक्टर एका माणसाला तपासतो, इथे अख्खी वस्ती तपासायला शिकवतात. कुठली गल्ली आजारी पडते, का पडते, आणि आधी काय केलं असतं तर पडली नसती. बाबा म्हणाले, म्हणजे नंतरचं शहाणपण. मी म्हटलं, हो, पण ते आधी यावं म्हणून वर्ष-दोन वर्षं शिकायचं.

तीन ठिकाणं नजरेत आहेत. मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणते. थोरली म्हणजे ते जुनं, जगभर नाव असलेलं विद्यापीठ. एक वर्षाचा अभ्यास, आणि फी माझ्या साडेतीन वर्षांच्या पगाराएवढी. मधली घरबसल्या होते. संगणकावर व्याख्यानं ऐकायची, शेवटी प्रमाणपत्र टपालाने येतं. बाबांचं मत अर्थातच मधलीला. धाकटीचं नाव तू ऐकलेलं नसणार, मीही नव्हतं ऐकलं. शहराबाहेर एका जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत चालते. दोन वर्षांचा अभ्यास, बाराच जागा, त्यातल्या चौघांना पूर्ण फी माफ आणि वर महिन्याचा खर्च. पण ती चार माणसं नोकरीतली हवीत आणि त्यांनी परत त्याच नोकरीत जायला हवं.

बाकी मी तीच, पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतली बाटलीवाली. अनोळखी माणसाला या नावाचा खुलासा करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. त्या जुन्या गोष्टीबद्दल मी काही लिहीत नाही. तुझी चिंगी कशी आहे, तेवढं मात्र कळव. एक ओळ पुरे.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

एकही ओळ आली नाही. ठीक आहे, मीच लिहिते. बोलण्यात मी तुझा वाटा नेहमीच खात आले.

थोरलीने मला घेतलं. खरंच घेतलं. पत्र आलं तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटीच नव्हते, त्यामुळे दहा मिनिटांत सगळ्या मजल्याला कळलं. आमच्या मुख्य रसायनतज्ज्ञ मॅडम, ज्या कुणाचं कौतुक करायचं असेल तर आधी त्याची एक चूक काढतात, त्याही माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या की पाकीट सरळ फाडायला शिका, पण अभिनंदन. मी दिवसभर जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते. पत्राच्या दुसऱ्या पानावर आर्थिक मदत नाही असं लिहिलं होतं, ते मी संध्याकाळपर्यंत वाचलंच नाही.

मग बँकेत गेले. कर्ज देणारा माणूस भला होता. त्याने सगळे आकडे मांडले आणि विचारलं की हे शिकून आल्यावर पगार किती वाढेल. मी म्हटलं, वाढणार नाही. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग त्याने चष्मा काढून मला नीट समजावलं की त्याची मुलगी असती तर त्याने तिला काय सांगितलं असतं. मी आभार मानून उठले. त्याचं चुकत नव्हतं, एवढंच मला खुपलं.

बाबांनी घरी येताच डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली रक्कम काढून देतो म्हणून सांगितलं. उजव्या डोळ्याने दिसतंय की, म्हणाले, दोन्ही डोळ्यांनी बघण्यासारखं आता राहिलंय काय. मी त्यांच्याशी भांडले. ताई, बाबा पैसे मोडायला निघाले की मला रागच येतो, कारण नाही म्हणताना मन किती डगमगतं ते माझं मला माहीत.

खरं सांगते, थोरलीचा मोह फार झाला. त्या नावाचा कागद भिंतीवर लागला असता तर कोणी मला बाटलीवाली म्हटलं नसतं. पण त्यांच्या माहितीपुस्तकाची चाळीस पानं मी पुन्हा पुन्हा चाळली, आणि त्यात एकही नळ नव्हता. मोठमोठ्या खोल्या, मोठमोठे पडदे, त्यावर जगाचे नकाशे. मला जगाचं काही करायचं नाही. मला आपल्या गावातल्या गल्ल्यांचं करायचं आहे.

म्हणून गुरुवारी सुट्टी टाकून धाकटी बघून आले. इमारतीला पोपडे सुटलेत, खिडक्या मात्र दारांएवढ्या मोठ्या. वर्गात भिंतभर एकाच वस्तीचा नकाशा, हाताने काढलेला, घरागणिक टाचण्या टोचलेल्या. तिथे कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. मी विचारलं, ग्रंथालय कुठे आहे? म्हणाल्या, "आहे, पण आमच्याकडे पुस्तकांआधी चपला झिजतात. कुठल्या घरी सुरुवात करायची ते कळलं की पुस्तक उघडायचं."

मी परत येताना थोरलीला नकार लिहून टाकला. वाटेतल्याच पेटीत टाकला. आता धाकटीची फी माफ झाली तर मी शिकणार, नाही झाली तर आहे तिथेच राहणार. मधला रस्ता मीच बंद केला आहे. मधलीचाही.

तुझी धाकटी


२२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन विनोदी झाली होती.

धाकटीला अर्जासोबत तीन शिफारसपत्रं लागतात. एक वरिष्ठांचं, एक सहकाऱ्याचं, आणि तिसरं अशा माणसाचं ज्याच्यापर्यंत आपल्या कामाचा लाभ किंवा झळ पोचली आहे. झळ हा त्यांचाच शब्द. ते पत्र बंद पाकिटात परस्पर त्यांच्याकडे जातं, अर्जदाराला बघता येत नाही.

मी आधी आपल्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मास्तरांकडे गेले. त्यांनी आनंदाने लिहून दिलं आणि पाकीट बंद करायच्या आधी मला वाचूनही दाखवलं. कर्तव्यदक्ष, प्रामाणिक, अकरा वर्षांत एक दिवस खाडा नाही. अक्षर मोत्यासारखं. ते वाचत होते आणि मी त्यांच्या अंगणातल्या नळाकडे बघत होते. मला तिथे उभं राहवेना. पाकीट घेतलं, घरी आले आणि फाडलं.

आता जे लिहीत नाही म्हटलं होतं ते लिहिते.

आपल्या गल्लीतून दर महिन्याला पाण्याचे चार नमुने घ्यायचे असा नियम होता. तोंडाशी एक, मध्ये दोन, शेवटच्या घरी एक. शेवटचं घर तुझं. गल्लीत पाणी यायचं पहाटे पाचला, आणि टोकाच्या घरांना ते सहाला बंद व्हायचं. आमची व्हॅन पोचायची आठला. आठ वाजता फक्त मास्तरांच्या नळाला पाणी असायचं, कारण त्यांचं घर सखल भागात. सकाळभरात चाळीस बाटल्या भरून अकराच्या आत प्रयोगशाळेत पोचायचं असायचं. म्हणून मी मास्तरांच्या नळाचं तोंड जंतू मरावेत म्हणून जाळून घ्यायचे, पाणी दोन मिनिटं वाहू द्यायचे, सगळं अगदी शास्त्रशुद्ध, आणि त्याच एका नळावर चारही बाटल्या भरायचे. मग चार बाटल्यांवर चार घरांचे नंबर लिहायचे. माझ्या आधीची बाई असंच करायची, तिने मला शिकवताना हेही शिकवलं. खात्यात सगळेच करतात. त्याला लबाडी म्हणतात हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच येत नसे.

मास्तरांचं पाणी उत्तमच होतं. जलवाहिनी फुटली होती त्यांच्या घराच्या पुढे, गटाराला लागून.

तू सांगितलंस की पाण्याला वास येतोय. दोनदा सांगितलंस. तिसऱ्यांदा गल्लीतल्या पाच-सहा बायका घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिलीस. तेव्हा मी काय केलं ते तुला पाठ असेल, पण मला लिहायलाच हवं. मी अहवाल काढला, तुझ्या घराच्या नंबरापुढे "पिण्यास योग्य" लिहिलेलं सगळ्यांना दाखवलं, आणि म्हटलं, नळात दोष नाही, ताई, तुझं पिंप घासलेलं नसेल. बायका हसल्या. ज्या बाईच्या घरात झाडल्यावरही झाडू धुऊन ठेवतात, त्या बाईला मी चारचौघांत हे म्हटलं. आणि तो अहवाल खोटा आहे हे त्या क्षणी मला माहीत होतं. विसरले होते असं मी बाबांना सांगितलं होतं. विसरले नव्हते.

पुढच्या पंधरवड्यात एकोणीस जणांना कावीळ झाली. चिंगी सात आठवडे झोपून होती. तू गल्ली सोडलीस, गाव सोडलंस. जाताना मला एक शब्द बोलली नाहीस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला चालत तुझ्या रिकाम्या घरी गेले आणि मागच्या नळाची एक बाटली भरली. खराब निघाली. तो अहवाल खऱ्या नंबराने नोंदवला, म्हणून वाहिनी दुरुस्त झाली. तेव्हापासून कामाच्या आधी मी वेगवेगळ्या गल्ल्यांच्या शेवटच्या घरी जाते. तीन वर्षांत दोनशे बारा बाटल्या झाल्या. मॅडम त्या "सराव" या नावाखाली तपासू देतात, जास्त विचारत नाहीत. दोनशे बारापैकी एकेचाळीस खराब निघाल्या, त्या मी दुरुस्तीला कळवल्या, आणि त्या सगळ्या गल्ल्यांचे कागदावरचे अहवाल चांगले होते. हे असं का होतं आणि कसं थांबवायचं, ते मला शिकायचं आहे. अर्जासोबतच्या निबंधात मी हे सगळं लिहिलंय, मास्तरांच्या नळासकट.

ताई, तिसरं पत्र तू लिही. चांगलं लिही असं म्हणत नाही. झळ तुला लागली, तर काय झालं ते सांगायचा हक्कही तुझाच. अर्ज त्यावर बुडाला तर बुडाला. पत्ता खाली देतेय. दहा मार्च शेवटची तारीख.

तुझी धाकटी


१४ मार्च

ताई,

दहा तारखेला दुपारी मी धाकटीच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईने वही बघून सांगितलं, तुमची तिन्ही पत्रं मिळाली. मी विचारलं, तिसरं कुठून आलंय? म्हणाली, तसं सांगता येत नाही, पण पाकीट शिवलेलं आहे.

शिवलेलं. म्हणजे तूच. डिंकावर तुझा कधी विश्वास नव्हता.

तेव्हापासून मला धड झोप नाही की धड जाग नाही. बाबांना म्हटलं, तिने काय लिहिलं असेल? म्हणाले, खरं तेच. तुला तेच हवं होतं ना? मी हो म्हटलं. मग आता घाम का फुटलाय, म्हणाले.

इकडे, अर्ज पाठवायच्या आधी, दुसरंच झालं होतं. खात्याने दोन वर्षांची पगारी रजा दिल्याशिवाय धाकटी फी माफ करत नाही, आणि रजेच्या कागदावर मॅडमची सही लागते. त्यांनी अर्ज बघायला मागितला. मी निबंधासकट पुढे ठेवला. लपवून कुठे जाणार? त्यांनी तो उभ्याने वाचायला घेतला आणि मग खुर्चीत बसून संपवला. म्हणाल्या, हे बाहेर गेलं तर खात्याची अब्रू जाईल, हे कळतंय ना तुम्हाला? मी म्हटलं, कळतंय. म्हणाल्या, तुमची नोकरीही जाऊ शकते. मी म्हटलं, तेही कळतंय. कागद त्यांनी कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

मी दोन दिवस माझं टेबल आवरत होते. अकरा वर्षांत किती कचरा साठतो म्हणून सांगू.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. कागद टेबलावर होता, सही झालेली. निबंधातल्या तीन चुका लाल पेनाने सुधारलेल्या. मी उभीच राहिले. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एका नळावर चार बाटल्या मीही भरल्या आहेत. बावीस वर्षांपूर्वी. तुम्ही एकट्याच आहात असं निबंधात लिहिलं असतंत, तर मी सही केली नसती."

मुलाखत एक एप्रिलला. तारीख बघून बाबा म्हणाले, तुला साजेशी आहे.

तुझी धाकटी


३ एप्रिल

ताई,

काय झालं ते सगळं सांगते, कारण तुझं त्यात निम्म्याहून जास्त आहे.

समोर तिघं होती. कॅनव्हासच्या बुटांच्या डॉक्टरीणबाई मध्ये. एका बाजूला संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक, तोंडावरची माशी हलणार नाही असे. दुसऱ्या बाजूला संस्थेचे खजिनदार, ज्यांच्या हातात त्या चार फीमाफ्या. खजिनदार पहिल्यापासून माझ्याकडे घरात चोर शिरल्यासारखे बघत होते.

प्राध्यापकांनी माझ्या दोनशे बारा बाटल्यांची चिरफाड केली. म्हणाले, तुम्ही मनाला येईल त्या गल्ल्या निवडल्या, यावरून गावाबद्दल काहीच सांगता येत नाही. मी म्हटलं, गल्ल्या पायी जाता येण्याजोग्या निवडल्या, सर, आठच्या आत कामावर हजर व्हायचं होतं. आणि गावाबद्दल सांगता येत नाही हे कबूल, म्हणून तर शिकायला आलेय. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. चेहरा तसाच.

मग खजिनदार. "तुम्हाला थोरल्या विद्यापीठाने घेतलं होतं. ते सोडून इथे आलात, कारण इथे फुकट आहे. बरोबर?" थोरलं हा शब्द त्यांनी नाही वापरला, नाव घेतलं. मी म्हटलं, फुकट आहे म्हणूनही, आणि इथल्या भिंतीवर टाचण्या आहेत म्हणूनही. ते म्हणाले, म्हणजे फी भरता येत नाही, की भरायची नाही? मी अडखळले. बाबांच्या डोळ्यांचं मी तिथे कसं सांगणार होते?

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कात्री मागवली आणि तुझं पाकीट उसवलं. म्हणाल्या, हे अजून कोणी वाचलेलं नाही, तुमच्यासमोरच वाचू. त्यांनी मोठ्याने वाचलं. मी ते नंतर त्यांच्याकडून उतरवून घेतलं, म्हणून तुझंच पत्र तुला परत पाठवतेय:

"मी शिवणकाम करते. असली पत्रं लिहायची मला सवय नाही. अर्ज करणारी माझी धाकटी बहीण आहे. हिने सगळ्यांदेखत माझं पिंप घाण आहे असं सांगितलं. पिंप घाण नव्हतं. माझी मुलगी सात आठवडे अंथरुणावर होती आणि तिचं शाळेचं वर्ष गेलं. मी हिला माफ केलेलं नाही. हे पत्र म्हणजे माफी नाही.

"तुम्ही विचारलंय, हिला जागा द्यावी का. द्यावी. लोक म्हणतात खात्यातले सगळेच असं करतात. करत असतील. पण आमच्या गल्लीतल्या एकोणीस जणांपैकी कुणाच्याही घरी खात्यातून कबुलीचा कागद आला नाही. माझ्याकडे आला, तो हिचा. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात. नळावर कशी फसवाफसवी चालते ते हिला माहीत आहे, तुम्हाला माहीत नाही.

"फी घेऊ नका. घेतलीत तर आमचे वडील डोळ्यांचे पैसे मोडतील आणि ही नको नको म्हणत घेईल. हिला फुकट शिकवा. पण फुकट सोडू नका."

मी रडत होते, आणि रुमाल पिशवीत, पिशवी बाहेर. प्राध्यापकांनी स्वतःचा रुमाल पुढे केला. तो इस्त्रीचा होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यातलं काही खोटं आहे? मी म्हटलं, नाही. एक अक्षरही नाही. त्या म्हणाल्या, हे सगळं लिहील अशा माणसाकडे तुम्ही पत्र मागायला गेलातच कशा? मी म्हटलं, ज्यांना झळ लागली नाही त्यांचं एक पत्र माझ्याकडे होतं, पण ते पहिल्याच नळाचं होतं. गल्ली किती लांब आहे ते शेवटच्या घरालाच विचारायला हवं.

खजिनदारांनी तुझा कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. मग म्हणाले, फी माफ करा म्हणून सतरा अर्ज आलेत, पण कारण एवढं सरळ कुणीच दिलं नाही. या बाई स्वतः अर्ज का करत नाहीत?

निकाल महिनाअखेरीस. मला घेतलं नाही तरी आता चालेल, असं लिहिणार होते. पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. चालणार नाही. मला ती जागा हवी आहे.

तुझी धाकटी


२९ एप्रिल

ताई,

मिळाली. जागा मिळाली. फी पूर्ण माफ, राहायला खोली, महिन्याचा खर्च. चौघांत माझं नाव पहिलं आहे, आणि ते वर्णानुक्रमे नाही. मी दोनदा विचारून खात्री केली.

बाबांनी सकाळपासून बिल्डिंगमधल्या प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं. लिफ्ट बंद होती, तरी. पाचव्या मजल्यावरून खाली आले ते धापा टाकत, आणि म्हणाले, माझी मुलगी फुकट शिकणार आहे. मी म्हटलं, बाबा, असं नका सांगू, लोकांना वाटेल दान मिळालंय. म्हणाले, वाटू दे, मोठ्या मुलीने मागून घेतलंय. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी आजच घेतली. आता नाइलाज आहे, म्हणाले, निकालपत्र मला स्वतः वाचायचंय.

आणखी एक आहे, आणि ते मला जागेइतकंच मोठं वाटतं. मॅडमनी खात्यात नवा नियम काढला. नमुना घ्यायची सुरुवात गल्लीच्या शेवटच्या घरापासून, तीही ज्या वेळी तिथे पाणी येतं त्या वेळी. नळाशी उभं राहून घरातल्या माणसाची सही घ्यायची. आमचे व्हॅनचे ड्रायव्हरकाका खवळलेत. पहाटे साडेचारला उठावं लागतं, आणि याला जबाबदार कोण ते त्यांना माहीत आहे. मला बघितलं की हॉर्न वाजवतात. पहिल्याच आठवड्यात सहा गल्ल्या खराब निघाल्या, त्यातल्या पाच ठिकाणी अजून कुणी आजारी पडलेलं नाही. पडण्याआधी सापडल्या, ताई. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला आणि मी तो दिवसभर मिरवला.

तू माफ केलेलं नाहीस, ते मी वाचलं आहे. ते मागायलाही मी लिहीत नाही. पण तू माझ्यासाठी पाकीट शिवलंस, आणि मला आनंद झालाय, तो मी लपवणार नाही.

तुझी धाकटी


१९ जून

ताई,

तुझं पार्सल वसतिगृहाच्या दारात कापडी चिंध्यांमध्ये गुंडाळलेलं आलं. मला वाटलं नवं पोलकं शिवून पाठवलंस. उघडलं तर खोकल्याच्या औषधाची बाटली, तोंडाला मेण लावलेली, आत पाणी. सोबत चिठ्ठी, तीन वर्षांत माझ्या नावाने आलेली पहिली: "आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरातलं. दहा दिवस वास येतोय. इथलं खातं म्हणतं ठीक आहे. बघ. चिंगी बरी आहे, वर्गात दुसरी आली."

मी ती बाटली हातात धरून जिन्यातच बसले. डॉक्टरीणबाई वरून येत होत्या, त्यांनी विचारलं काय झालं. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी वाचली, बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या की असा नमुना त्यांच्या चाळीस वर्षांत आला नव्हता.

आता नीट ऐक, कारण हे मी शिकून सांगतेय. हे पाणी तपासता येणार नाही. बाटली जंतुविरहित नाही, औषधाचा अंश आत असणार. पाणी चार दिवस प्रवासात होतं, तेही बर्फाशिवाय. आणि नळाचं तोंड जाळलं होतं की नाही ते मला माहीत नाही. नमुना टपालाने मागवत नाहीत. घेणाऱ्याने स्वतः त्या नळापाशी उभं राहून घ्यायचा असतो.

शनिवारी पहिल्या गाडीने निघते. बाटल्या, स्पिरिट, बर्फाची पेटी सगळं बाईंनी दिलंय, आणि प्राध्यापकांनी निक्षून सांगितलंय की एका घरावर थांबू नका, गल्लीतली सगळी घरं घ्या. तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं तेवढं कळव, त्याच्या आधी दारात उभी असेन.

तोवर पाणी उकळून प्या. फक्त तुमच्या घरी नाही, गल्लीतल्या प्रत्येक घरी आजच जाऊन सांग. कुणी विचारलंच, असं कोण म्हणतं, तर सांग, माझी बहीण म्हणते.

तुझी धाकटी